पौंड पडेपर्यंत फी थांबवावी का?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : निफाड तालुक्यातील एका शेतकरी वाचकाच्या मुलीला उत्तर इंग्लंडमधील एका विद्यापीठात सप्टेंबरपासून सुरू होणाऱ्या एम.एस्सी. अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. प्रवेश पक्का करण्यासाठीची अनामत रक्कम भरून झाली असून १८,००० पौंड फी अजून बाकी आहे. त्यातले निम्मे सप्टेंबरमध्ये नावनोंदणीच्या वेळी आणि निम्मे जानेवारीत भरायचे आहेत. पैसे दोघा नवरा-बायकोच्या मुदत ठेवींमध्ये तयार आहेत. परंतु ब्रिटनमध्ये पंतप्रधान बदलण्याची चर्चा वर्तमानपत्रांतून येऊ लागल्यापासून लेस्टरला राहणारे त्यांचे साडू सांगतात, की घाई करू नका, सरकार डळमळले की पौंड कोसळेल. २०२२ मध्ये तो ८५ रुपयांवर आलाच होता. वाचक लिहितात, ‘कांदा चाळीत ठेवून आम्ही भावाची वाट पाहतोच, तसे इथे का करू नये?’ त्यांच्या भाच्याने मोबाइलवरील एका चलन व्यवहाराच्या ॲपमधून पौंडावर पैसे लावण्याचाही पर्याय सुचवला आहे. घरातली ही चर्चा ऐकून मुलगी म्हणते आहे, की परवडत नसेल तर मी प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलते.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात रक्कम, हप्ते, ठेवींच्या मुदती असे सगळे नीट मांडलेले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी तुमच्या साडूंबद्दल लिहितो, कारण त्यांनी सांगितलेली घटना खरी आहे आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे.

२३ सप्टेंबर २०२२ रोजी, शुक्रवारी, लिझ ट्रस यांच्या सरकारचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांच्या करकपाती जाहीर केल्या. हा पैसा कुठून येणार हे त्यांनी सांगितले नाही आणि अशा वेळी सरकारी खर्चाचे स्वतंत्र मूल्यमापन करणाऱ्या कार्यालयाचा अंदाजही सोबत प्रसिद्ध केला नाही. सोमवारी, २६ तारखेला, लंडनमध्ये अजून रात्र असताना आशियाई बाजारात पौंड १.०४ डॉलरच्या खाली गेला. इतका खाली तो डॉलरसमोर कधीच आलेला नव्हता. तुमच्या साडूंच्या लक्षात राहिलेला ८५ रुपयांचा आकडा या काही तासांतला आहे. तेव्हा आपल्याकडे पहाट उलटून नुकतेच उजाडत होते. बँकांच्या शाखा उघडून परकीय चलनाचे व्यवहार सुरू होईपर्यंत पौंड बराच सावरला होता आणि लंडनचा बाजार सुरू झाल्यावर तो १.०७ ते १.०८ डॉलरच्या आसपास होता. बुधवारी, २८ तारखेला, बँक ऑफ इंग्लंडने सरकारी कर्जरोखे विकत घेण्याची घोषणा केली, आणि त्या आठवड्याच्या अखेरीस पौंड ९०-९१ रुपयांवर, म्हणजे जवळपास त्या करकपातीच्या आदल्या दिवशी होता तिथेच, परत आला. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग यांना पदावरून हटवण्यात आले, २० ऑक्टोबरला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला, आणि वर्ष संपेपर्यंत पौंड शंभर रुपयांच्या घरात गेला होता.

या घटनाक्रमाकडे तुमच्या बाजूने पाहा. ८५ चा दर आलेखावर दिसतो, पण निफाड किंवा नाशिकच्या शाखेत अर्ज भरून उभ्या असलेल्या पालकाच्या हाती तो कधी पडलाच नाही. स्वस्त पौंड मिळण्याची खरी संधी होती ती फार तर दोन-तीन दिवसांची, आणि त्या दिवसांत पौंड अजून पडणार अशीच सगळीकडे चर्चा होती. एक डॉलर म्हणजे एक पौंड होणार, असे भाकीत जाणकार करत होते. तेव्हा तुम्ही पैसे पाठवले असते का? मला वाटते, तुम्ही थांबला असता, कारण अजून स्वस्त होणार अशी बातमी हातात असताना कोणीही थांबतो. ज्यांनी त्या वेळी ‘अजून थोडे’ म्हणून डिसेंबरपर्यंत वाट पाहिली, त्यांना दर पौंडामागे निदान आठ-नऊ रुपये जास्त मोजावे लागले.

तुमच्या पत्राच्या मुळाशी एक गृहीतक आहे, की राजकीय अस्थिरता म्हणजे चलनाची घसरण. ते अर्धेच खरे आहे. अस्थिरतेमुळे दर कुठवर जाऊ शकतो याची रुंदी वाढते, पण तो कोणत्या बाजूला जाईल हे ती सांगत नाही. गुंतवणूकदार उद्याच्या बातमीची वाट न पाहता आजच शक्यता मोजून भाव लावतात. पंतप्रधान जाण्याची शक्यता बाजाराला मोठी वाटत असेल, तर त्या शक्यतेपुरता पौंड आधीच उतरलेला असतो. प्रत्यक्षात ते गेले, तर उरलेला थोडा उतरेल. गेले नाहीत, तर वर जाईल. आणि गेले पण त्यांच्या जागी बाजाराला भरवशाचे वाटणारे कोणी आले, तर सरकार पडूनही पौंड चढेल.

याची उदाहरणे ब्रिटनच्याच गेल्या दशकात भरपूर आहेत. जानेवारी २०१७ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे युरोपीय संघाच्या एकल बाजारातून, म्हणजे सदस्य देशांच्या सामाईक बाजारपेठेतून, बाहेर पडण्याची घोषणा करणार, अशा बातम्या आल्या आणि पौंड १.२० डॉलरच्या खाली गेला. १७ जानेवारीला त्यांनी खरोखरच तसे भाषण केले, आणि त्या दिवशी पौंड जवळपास तीन टक्क्यांनी वर गेला! घोषणा व्यापाराच्या दृष्टीने काही आनंदाची नव्हती, पण निदान काय होणार ते कळले, आणि संसदेत मतदान घेण्याचे आश्वासनही मिळाले. डिसेंबर २०१९ मध्ये याच्या उलट घडले. १२ तारखेच्या रात्री मतदानोत्तर चाचणीत बोरिस जॉन्सन यांना भक्कम बहुमत दिसताच पौंड १.३५ डॉलरच्या वर उसळला, अनिश्चितता संपली असे सगळे म्हणाले, आणि पाच दिवसांत ती सगळी वाढ पुसली गेली, कारण युरोपीय संघाशी व्यापार करार करण्यासाठीची मुदत वाढवायची नाही असा कायदा करण्याचे जॉन्सन यांनी ठरवले. आणि ४ जुलै २०२४ च्या निवडणुकीत तर चौदा वर्षांची हुजूर पक्षाची सत्ता जाऊन मजूर पक्ष चारशेहून अधिक जागा घेऊन आला, तरी पौंड जवळजवळ हललाच नाही. एवढा मोठा सत्तापालट सगळ्यांना महिनोन् महिने आधीच दिसत होता.

बातमी आधी कळली म्हणजे फायदा मिळेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण वर्तमानपत्रात आलेली बातमी तुमच्याआधी लंडन, न्यूयॉर्क आणि सिंगापूरच्या व्यवहार कक्षांनी वाचलेली असते. २३ जून २०१६ च्या सार्वमताची रात्र पाहा. भारतीय वेळेनुसार पहाटे अडीच वाजता मतदान संपले, तेव्हा ब्रिटन युरोपीय संघातच राहणार असा सर्वांचा अंदाज होता आणि पौंड दीड डॉलरपर्यंत चढलेला होता. सुमारे पावणेपाच वाजता सुंदरलँडचा निकाल आला. निस्सानच्या मोटारींचा मोठा कारखाना असलेल्या या शहरातल्या ६१ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला होता, आणि तिथून पौंड जो घसरू लागला तो सकाळी १.३३ डॉलरपर्यंत, १९८५ नंतरच्या नीचांकावर, आला. आपल्याकडचा चलन बाजार उघडला तेव्हा जे व्हायचे ते बव्हंशी होऊन गेले होते. त्या रात्री जगातल्या अनेक मोठ्या गुंतवणूकदारांचा अंदाजही चुकला. त्यांनाही जे साधले नाही, ते तुम्हाला किंवा मला लेस्टरहून आलेल्या फोनच्या आधारे साधेल असे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

पण मग राजकारणाने चलन खरोखर पडते तरी केव्हा, हा प्रश्न राहतो, आणि त्याचे उत्तर तुमच्या उपयोगाचे आहे. ब्रिटन निर्यातीपेक्षा आयात जास्त करतो. त्याच्या चालू खात्यावर, म्हणजे परदेशांशी होणाऱ्या देवघेवीच्या हिशेबात, वर्षानुवर्षे तूट आहे. ती भरून काढण्यासाठी परदेशी गुंतवणूकदारांनी ब्रिटनचे रोखे, समभाग, घरे घेत राहावे लागते. त्यांनी हात आखडता घेतला की पौंडाला मागणी उरत नाही. म्हणून केवळ माणूस बदलल्याने फारसे काही होत नाही. सरकारच्या तिजोरीचा हिशेब, व्यापाराचे नियम किंवा मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता बदलणार असेल तेव्हा होते. २०१६ मध्ये ब्रिटनचे शेजारच्या सर्वांत मोठ्या बाजाराशी असलेले नातेच बदलले, म्हणून डॉलरसमोर पौंड त्यानंतर दीड डॉलरवर परतलाच नाही. २०२२ मध्ये निर्णय मागे घेतले गेले, म्हणून घसरणही भरून निघाली. मार्च २०२१ मध्ये तुर्कस्तानच्या अध्यक्षांनी मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरना अचानक काढले, तेव्हा सोमवारी बाजार उघडताच लिरा १५ टक्क्यांपर्यंत कोसळला, आणि तिथे निवडणूक नव्हती की सरकारही पडले नव्हते. यापुढे ब्रिटनची बातमी वाचताना खुर्चीवर कोण बसणार यापेक्षा नवा माणूस कर्ज किती काढणार, हे वाचा.

आता तुमच्या पत्रात अजिबात न आलेल्या गोष्टीकडे येतो, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. तुम्ही फक्त लंडनकडे पाहत आहात. पौंडाचा रुपयातला दर हा दोन दरांचा गुणाकार असतो : एका पौंडाला किती डॉलर आणि एका डॉलरला किती रुपये. यातला दुसरा आकडा मुंबई, वॉशिंग्टन आणि तेलाच्या बाजारात ठरतो. सार्वमताआधी पौंड सुमारे शंभर रुपयांना होता. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तो ८१-८२ ला मिळत होता. आज डॉलरसमोर पौंड तेव्हाच्या दीड डॉलरच्या खालीच आहे, आणि तरीही तुमच्या मुलीची फी भरताना पौंड तुम्हाला २०१६ पेक्षा महाग पडतो, कारण तेव्हा ६७ रुपयांना मिळणारा डॉलर दरम्यानच्या काळात वाढत गेला. म्हणजे साडूंचे भाकीत तंतोतंत खरे ठरून पौंड डॉलरसमोर चार टक्के पडला, आणि त्याच महिन्यांत कच्चे तेल भडकून रुपया चार टक्के पडला, तर तुमच्या खिशात काहीही उरणार नाही.

आपल्या रुपयालाही राजकारणाची झळ लागते. १९९१ च्या मार्चमध्ये चंद्रशेखर यांचे सरकार गेले, त्या वर्षी पूर्ण अर्थसंकल्पच वेळेवर मांडता आला नव्हता, आखाती युद्धाने तेल महाग झाले होते, आणि देशाची परकीय चलन गंगाजळी काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन झाले आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने परदेशात तारण ठेवावे लागले. याउलट ४ जून २०२४ रोजी, लोकसभेचा निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा लागला तेव्हा, सेन्सेक्स एका दिवसात ४,३९० अंकांनी कोसळला. डॉलर मात्र ८३.१४ रुपयांवरून ८३.५३ वर, म्हणजे अवघ्या ३९ पैशांनी वर गेला. मध्ये फरक होता तो रिझर्व्ह बँकेच्या हाताशी असलेल्या भरभक्कम गंगाजळीचा. तिजोरी आणि परकीय चलन कमकुवत असेल, तेव्हाच राजकीय गोंधळ चलनाला लोळवतो.

कांद्याचे उदाहरण तुम्ही दिले, ते मला मनापासून पटले, पण त्यातून निघणारा अर्थ वेगळा आहे. चाळीत कांदा भरून तुम्ही थांबता, तेव्हा माल तुमच्याकडे असतो, विकायचा दिवस तुम्ही ठरवता आणि भाव पडलाच तरी तुमचे नुकसान त्या मालापुरते असते. इथे तुम्ही विकणारे नाही, घेणारे आहात, आणि घेण्याची तारीख विद्यापीठाने ठरवलेली आहे. ज्याला अमुक तारखेला माल उचलावाच लागणार आहे, अशा व्यापाऱ्याच्या जागी तुम्ही आहात, आणि त्याला थांबण्याचे स्वातंत्र्य किती असते हे लासलगावला उभे राहून तुम्ही पाहिले आहे. शिवाय ८ डिसेंबर २०२३ ला कांद्याची निर्यातबंदी आली, तेव्हा आदल्या दिवशीपर्यंत वाट पाहणाऱ्यांचे काय झाले हे तुमच्या तालुक्याला कोणी सांगायला नको. सरकारी निर्णयाचा पहिला फटका नेहमी त्यालाच बसतो, ज्याला हालचाल करायला वेळ मिळत नाही. म्हणून, आम्ही काहीच करत नाही, नुसते थांबतो आहोत, असे जे तुम्हाला वाटते आहे, ते बरोबर नाही. पौंडात देणे असताना रुपयात थांबणे म्हणजे पौंड पडेल यावर १८,००० पौंडांची बोली, म्हणजे पैज, लावणेच आहे.

त्या बोलीचा हिशेब सोपा आहे. पौंड एक रुपयाने हलला की तुमच्या फीमध्ये १८,००० रुपयांचा फरक पडतो. पाच रुपयांनी स्वस्त झाला तर ९०,००० वाचतील. पाच रुपयांनी महागला तर ९०,००० जास्त लागतील. या दोन्ही रकमा कागदावर सारख्या दिसतात, पण घरात त्या सारख्या नसतात. वाचलेल्या ९०,००० चे तुम्ही काय करणार आहात हे पत्रात कुठेही नाही. मात्र ९०,००० जास्त लागले तर पत्नीची भविष्य निर्वाह निधीतली रक्कम काढावी लागेल, हे तुम्ही स्वतःच लिहिले आहे. ज्याला नुकसान सोसण्याची ताकद फायद्याच्या गरजेपेक्षा कमी आहे, त्याने बोली लहान करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोली लहान करण्याचा मार्ग म्हणजे रक्कम तुकड्यांत आणि ठरलेल्या तारखांना पाठवणे. तुमच्या बाबतीत मी असे सुचवेन : ६,००० पौंड या महिन्यात, ३,००० ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, आणि जानेवारीच्या हप्त्यासाठी ४,५०० ऑक्टोबरमध्ये व ४,५०० डिसेंबरच्या सुरुवातीला. तारखा आज ठरवून दिनदर्शिकेवर लिहा, आणि त्या दिवशी लंडनमध्ये काहीही चालू असो, पैसे पाठवा. यामुळे सर्वांत स्वस्त दर मिळेल असे नाही. सर्व रक्कम सर्वांत महाग दिवशी जाणार नाही, एवढेच मिळेल. यापेक्षा जास्त तुकडे करू नका, कारण प्रत्येक वेळी बँकेचे शुल्क, वस्तू व सेवा कर आणि मधल्या परदेशी बँकेची कपात लागते. ठेवींच्या मुदती पाहून तारखा एक-दोन आठवडे पुढे-मागे करा, म्हणजे मुदतीआधी मोडल्याचा दंड पडणार नाही. वेळेआधी पूर्ण फी भरणाऱ्याला काही विद्यापीठे सवलत देतात. तुमच्या विद्यापीठाच्या वित्त कार्यालयाला मुलीने एक ईमेल करून विचारावे. दोन टक्केही सवलत मिळत असेल, तर ती खात्रीची आहे आणि पौंडाची घसरण खात्रीची नाही; अशा वेळी सगळी रक्कम एकदम भरून मोकळे व्हा. पुढच्या तारखेचा दर आजच बांधून घेण्याचा फॉरवर्ड करार नियमांनुसार व्यक्तींनाही करता येतो, पण लहान शाखांमध्ये एवढ्या रकमेसाठी तो सहसा कोणी करून देत नाही. विचारून पाहायला हरकत नाही.

आता एका अशा रकमेकडे लक्ष वेधतो, जी तुमच्या हातात आहे. मोबाइलवर ‘पौंड रुपया’ असे शोधले की दिसणारा दर हा बँकांचा आपापसातला दर असतो. तुम्हाला लागतो तो शाखेचा ‘टीटी सेलिंग’ दर, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक तुम्हाला पौंड विकते तो दर, आणि त्यात बँकेचा नफा मिळवलेला असतो. हा फरक एक टक्क्यापासून तीन टक्क्यांपर्यंत असू शकतो. पौंड १२० रुपये धरला तर १८,००० पौंडांवर एक टक्का म्हणजे २१,६०० रुपये होतात, म्हणजे साधारण सव्वा रुपयाने पौंड पडण्याइतके. बहुतेक पालक फलकावरचा दर मुकाट्याने मान्य करतात. तसे करू नका. दोन बँका आणि एक परवानाधारक चलन विनिमय संस्था यांच्याकडून एकाच दिवशी, एकाच तासात, सर्व शुल्कांसह रुपयांत एकूण किती पडेल हे लेखी मागा आणि आपल्या शाखा व्यवस्थापकाला ते दाखवा. एवढ्या रकमेसाठी दर कमी करून देण्याचे अधिकार बँकांकडे असतात, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

कराचेही एक आहे. १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात १० लाख रुपयांच्या वर परदेशी पाठवलेल्या रकमेवर स्रोतावरील कर, म्हणजे टीसीएस, घेतला जातो. शिक्षणासाठीचा त्याचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, म्हणून तो पाठवण्याच्या दिवशी बँकेत विचारा. हा कर विवरणपत्रात वळता होतो, बुडत नाही. मात्र तेवढे दिवस रोख रक्कम अडकते. ही मर्यादा पाठवणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र आहे, त्यामुळे पत्नीच्या नावची ठेव पत्नीच्याच खात्यातून आणि तिच्याच पॅनवर पाठवणे सोयीचे ठरेल. वित्तसंस्थेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जातून फी जात असेल, तर हा कर लागत नाही. हे इतर वाचकांसाठी.

व्हिसाच्या बाबतीत विनिमय दराचा एक काटा असतो, तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उरलेली फी आणि राहण्याचा खर्च मिळून ठरावीक रक्कम सलग २८ दिवस खात्यात दाखवावी लागते, आणि ती रुपयांत असेल तर अर्जाच्या दिवशीच्या दराने पौंडात मोजली जाते. ब्रिटनचे गृह खाते त्यासाठी ‘ओअँडा’ या संकेतस्थळावरचा दर धरते. खात्यात अगदी मोजून रक्कम ठेवली आणि त्या २८ दिवसांत पौंड चढला, तर पैसे असूनही अर्ज अडचणीत येऊ शकतो. म्हणून लागणाऱ्या रकमेपेक्षा निदान सात-आठ टक्के जास्त ठेवा. राजकीय घडामोडींच्या दिवसांत तर ही काळजी घ्यायलाच हवी. पहिला ६,००० पौंडांचा तुकडा लवकर पाठवण्यामागे माझे हेही एक कारण आहे : भरलेली फी प्रवेशपत्रावर नोंदली गेली की दाखवायची रक्कम तेवढी कमी होते.

भाच्याने सुचवलेल्या ॲपबद्दल फार लिहीत नाही. परवानगी नसलेल्या परकीय चलन मंचांची यादी रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून आपल्या संकेतस्थळावर देते. अशा मंचावर पैसे लावणे हा कायद्याचा भंग ठरतो आणि गेलेले पैसे परत मिळवायला दाद मागण्याची जागाही राहत नाही. मुलीच्या फीच्या पैशांतला एक रुपयाही तिकडे जाऊ देऊ नका. भाच्याला प्रेमाने, पण ठामपणे सांगा.

तुमच्यासारख्याच प्रश्नाची दुसरी बाजू असलेले वाचकही पुष्कळ आहेत : ब्रिटनमध्ये परिचारिका किंवा अभियंता म्हणून काम करणारे आणि पुण्या-कोल्हापुरात घराचे हप्ते पौंडातून फेडणारे. त्यांना पौंड चढलेला हवा असतो आणि तिथले सरकार पडेल या भीतीने ते सगळी बचत एकदम भारतात पाठवायला निघतात. त्यांनाही माझे उत्तर तेच आहे. हप्त्यापुरती रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पाठवावी, सहा महिन्यांच्या हप्त्यांइतकी रक्कम रुपयांत आधीच ठेवावी, आणि उरलेली बचत जिथे खर्च होणार आहे त्या देशाच्या चलनात राहू द्यावी.

शेवटी मुलीच्या म्हणण्याकडे येतो. तिने प्रवेश पुढे ढकलण्याची तयारी दाखवली यात तिचा समजूतदारपणा दिसतो, पण केवळ विनिमय दरासाठी तसे करू नये. पुढच्या वर्षी पौंड कुठे असेल ते कोणालाच माहीत नाही. फी मात्र बहुतेक विद्यापीठे दरवर्षी वाढवतात. आणि राजकारणाचा तिच्या आयुष्यावर खरा परिणाम होतो तो दरापेक्षा व्हिसाच्या नियमांतून. शिक्षणानंतर तिथे राहून काम शोधण्यासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी दीड वर्षांवर आणली जात आहे. पुढे सरकार बदलले तर हे नियम सैल होतील की आणखी आवळले जातील, हे सांगता येत नाही. त्या मुदतीत तिच्या विषयात नोकरी मिळण्याची शक्यता किती, तिच्या विभागातून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेले भारतीय विद्यार्थी आज कुठे आहेत, हे तिने विद्यापीठाच्या करिअर कार्यालयाला आणि त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. त्या उत्तरांनी तिचे मन बदलले, तर प्रवेशाचा पुनर्विचार जरूर करा. नाही बदलले, तर या आठवड्यात तिन्ही ठिकाणचे दर मागवा, पहिला तुकडा पाठवा, विद्यापीठाची पावती मुलीच्या ईमेलवर आली की तो आकडा प्रवेशपत्रावर नोंदला गेला आहे याची खात्री करा, आणि मगच व्हिसाचा अर्ज भरायला घ्या.